दिवसभर कडक डाएट आणि रात्री अनावर खाणं: दुरुस्ती कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३४ वर्षांची स्त्री, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो, बैठं काम. गेले दोन महिने रोज १२०० कॅलरींचं डाएट चालू आहे. सकाळी फक्त काळी कॉफी, दुपारी सॅलड, संध्याकाळी काही नाही, रात्री बेताचं जेवण. दिवस नीट पार पडतो, पण आठवड्यातून दोनदा तरी रात्री दहानंतर ताबा सुटतो. बिस्किटांचा पुडा, ब्रेड, चॉकलेट, उरलेलं जेवण, हाताला लागेल ते पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं. मग दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून जवळजवळ उपास. वजन जागचं हलत नाही. शेवटी विचारलंय, ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? भूक मारायचा काही उपाय सांगा.’

इच्छाशक्तीबद्दल आधी बोलतो, कारण या एका शब्दापायी माणसं स्वतःचं फार नुकसान करून घेतात. तुम्ही दोन महिने रोज जागेपणीचा बहुतेक वेळ भुकेशी झगडत काढता. इच्छाशक्ती नसलेल्या माणसाला हे चार दिवससुद्धा जमत नाही. तुमची अडचण मला वेगळीच दिसते. रात्री जे होतं ते दिवसभराच्या अपुऱ्या खाण्यातून होतं, आणि तुम्ही उपाय मात्र रात्रीवर शोधताय. म्हणून भूक मारायचा उपाय मी सांगणार नाही. भूक वेळेवर आणि पुरेशी भागवायची, अनावर खाणं आधी थांबवायचं आणि वजनाकडे त्यानंतर वळायचं, हा क्रम मी सांगेन. वजन काही आठवडे मागे ठेवा म्हटलं की बहुतेकांचा चेहरा उतरतो. पण हा क्रम उलटा ठेवून टिकाऊ फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

आता हिशेब करू. मिफ्लिन आणि सेंट जिऑर यांचं १९९०चं सूत्र लावलं, तर तुमच्या शरीराला नुसतं पडून राहायलाच सुमारे १४८० कॅलरी लागतात. बैठं काम धरून दिवसाचा खर्च अंदाजे २०५० ते २१००पर्यंत जातो. म्हणजे १२०० कॅलरी खाऊन तुम्ही गरजेच्या जवळजवळ ४२ टक्के कमी खाताय. ही तूट फार मोठी आहे. पुढे बघा. भरपाईचे उपास तूर्त हिशेबाबाहेर ठेवून आठवड्यातले पाच दिवस १२००, आणि दोन दिवस १२०० अधिक रात्रीच्या साधारण २५०० धरल्या, तर सरासरी पडते रोजची १९०० कॅलरींच्या वर. याउलट रोज १६५० कॅलरी नेमाने खाल्ल्या आणि ताबा सुटला नाही, तर सरासरी १६५०च राहते. म्हणजे जास्त खाऊन तूट जास्त पडते. ‘१६५० म्हणजे फारच झालं’ असं वाटेल तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडून बघा. आठवड्यातून दोनदा मोडणारं १२००चं डाएट प्रत्यक्षात १९००चंच असतं, आणि वर मनस्ताप वेगळा.

अर्धपोटी राहिल्यावर धडधाकट माणसाचं काय होतं, हे १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाहिलं होतं. युद्धात लढायला तत्त्वतः नकार देणारे ३६ तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले होते. शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या ठणठणीत असल्याची खात्री करूनच त्यांना निवडलं होतं. त्यांना २४ आठवडे रोज सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास खायला दिलं, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या मनाचं झालेलं. ही मुलं दिवसभर जेवणाबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली. चिडचिड वाढली, उदासी आली, एकाग्रता गेली. काहींचा ताबा सुटून चोरून खाणं झालं आणि मागाहून पश्चात्तापही. भरपूर खायला मिळू लागल्यावरसुद्धा अनेकांची भूक कित्येक आठवडे भागेना, पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना. ते मुळात सडपातळ होते आणि तुम्ही नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. तरीही बिस्किटाचा पुडा कपाटात आहे हे तुमच्या डोक्यातून संध्याकाळभर जात नाही, याचं कारण या प्रयोगात सापडतं. खाणं कमी पडलं की मेंदू अन्नाकडेच लक्ष लावून बसतो. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

यामागची यंत्रणाही आता बरीच कळली आहे. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि शिल्लक किती आहे ते मेंदूला कळवतं. १९९४मध्ये ते सापडलं. जठरातून येणारं घ्रेलिन भूक चेतवतं, ते १९९९मध्ये सापडलं. वजन घटवताना लेप्टिन उतरतं, घ्रेलिन चढतं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार दिला होता. वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्यातले बरेच बदल पूर्ववत झालेले नव्हते आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. अमेरिकेत केविन हॉल या संशोधकाच्या गटाने २०१६मध्ये अंदाज मांडला, की घटलेल्या दर किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च २०-३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र जवळजवळ १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरले, तर रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खावंसं वाटणारी भूक मागे लागते. ही भूक खोटी किंवा मनाची नसते. तिची तजवीज आहारातच करावी लागते.

तर पहिली दुरुस्ती वेळेची. ऑक्सफर्डमधले मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी अनावर खाण्यावर जी उपचारपद्धती उभी केली, तिच्यातही सुरुवात इथूनच होते. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली छोटी खाणी ठरलेल्या वेळी घ्यायची, आणि जागेपणी तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. काय खायचं हा प्रश्न नंतरचा. आधी केव्हा खायचं हे पक्कं करायचं. भूक असो-नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो, वेळ झाली की खायचं. महिनोन् महिने उपाशी राहिल्यावर भूक लागल्याची आणि पोट भरल्याची जाणीव बोथट झालेली असते. ती परत येईपर्यंत घड्याळाच्या भरवशावर चालायचं.

तुमच्यासाठी मी असं बसवेन. उठल्यापासून तासाभरात ४०० कॅलरींचा नाश्ता. दुपारी ५०० कॅलरींचं पोटभर जेवण. साडेचार-पाचला २०० ते २५० कॅलरींचं खाणं. रात्री आठच्या सुमारास ४५० ते ५००. आणि झोपायला उशीर होणार असेल तर साडेनऊच्या आसपास दीडशे कॅलरींच्या आतलं काहीतरी, पण बसून आणि ठरवून. यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पाचचं खाणं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी रात्री ताबा सुटणाऱ्या बहुतेकांचा दुपार ते रात्रीचा टप्पा कोरडा गेलेला असतो. सहा-सात तास पोटात काही नाही, वरून दिवसाचा थकवा, आणि मग जेवण नुसतं निमित्त होतं. जेवण संपतं पण खाणं थांबत नाही. पाचचं खाणं चुकवून वाचवलेल्या २०० कॅलरी रात्री दसपटीने वसूल होतात.

सकाळी भूकच नसते, असं तुम्ही म्हणाल. रात्री उशिरा भरपूर खाल्लं असेल तर ती नसणारच, आणि काळी कॉफी उरलीसुरली भूक दडपते. पहिला आठवडा अर्धाच नाश्ता करा, कॉफी त्याच्यासोबत घ्या. रात्रीचं आवरत जाईल तशी सकाळची भूक परत येते.

आता ताटात काय असावं. तुमचं दुपारचं सॅलड हा मला सगळ्यांत मोठा घोळ वाटतो. काकडी, टोमॅटो, पानं यांनी जठर ताणलं जातं आणि भरल्यासारखं वाटतं, पण तासाभरात पोटात पुन्हा कावळे ओरडायला लागतात. पोट भरल्याचा निरोप नुसत्या आकारमानावरून जात नाही. लहान आतड्यात प्रथिनं आणि चरबी पोचली की तिथून संप्रेरकं निघतात, मेंदूला थांबायला सांगतात आणि जठर रिकामं व्हायचा वेगही कमी करतात. त्यामुळे आकारमान आणि ऐवज दोन्ही लागतं. सॅलड राहू दे, पण त्यात दोन अंडी, किंवा वाडगाभर शिजवलेलं कडधान्य, किंवा मासे वा चिकन, शिवाय एखादा उकडलेला बटाटा आणि चमचाभर तेल आलं पाहिजे. तेव्हा ते जेवण होतं.

वजन घटवताना प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत घेतली तर भूकही आवरते आणि स्नायूही टिकतात. तुम्ही रोज ९० ते १०० ग्रॅमचं लक्ष्य ठेवा, दर जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास. अंदाज यावा म्हणून सांगतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मसूरमध्ये ९, आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. तंतुमय पदार्थ २५-३० ग्रॅमपर्यंत न्या, पण हळूहळू आणि पाणी वाढवत, नाहीतर पोट फुगतं आणि माणसं त्यालाच वजन वाढणं समजतात.

बटाट्याचं नाव काढलं की डाएटवाले दचकतात. १९९५मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांची प्रत्येकी २४० कॅलरींइतकी मात्रा लोकांना खायला देऊन, पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं होतं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सर्वांत जास्त. तळाला होता ४७ गुणांचा क्रॉसाँ, म्हणजे भरपूर लोणी घातलेला फ्रेंच पाव. कॅलरी तेवढ्याच, पण पोट भरण्यात जवळजवळ सातपटीचा फरक. उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅमला ८५-९० कॅलरी असतात, बिस्किटांत ४५० ते ५००. म्हणून बटाटा, कडधान्यं, अख्खी फळं, दही, अंडी, सूप, भाज्या यांना ताटात हक्काची जागा द्या. तेल आणि सुकामेवा चांगलेच आहेत, पण ते मोजून. एका मोठ्या चमच्यात तेलाच्या १२० कॅलरी असतात, आणि गप्पा मारता मारता मूठ-मूठ सुकामेवा तोंडात टाकला की किती गेला ते कळतही नाही.

कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या पदार्थांबद्दल एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २०१९मध्ये केविन हॉल यांनीच २० जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे असे तयार पदार्थ आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू, प्रथिनं सारखीच होती, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तयार पदार्थांच्या दोन आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. तेव्हा रोजचं पोट भरणारं खाणं साधं, चावावं लागणारं ठेवा, आणि जेवणाला वीसेक मिनिटं द्या. पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचायला वेळ लागतो.

जेवणाआधी पाणी, च्युइंग गम, बिनसाखरेची पेयं, जादा कॉफी या युक्त्यांवर फार शब्द खर्च करत नाही. जेवणाआधी ग्लास-दोन ग्लास पाणी प्यायल्याने थोडा फरक पडतो, जरूर प्या. पण जेवणाची वेळ ढकलायला यांतलं काही वापरत असाल तर बंद करा.

आता मनाकडे वळतो, कारण नुसत्या ताटाने हे सुटत नाही. १९७५मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही जणींना मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि नंतर ‘चव सांगा’ म्हणून सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएट करणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. आज मोडलंच आहे, तर मग आता काय राहिलं, उद्यापासून बघू, असा विचार डोक्यात येतो आणि एका बिस्किटाचा पुडा होतो. कडक नियमाचा धोका हाच, की त्याला वाकता येत नाही. पहिला घास गेला की तो मोडलाच.

म्हणून ‘बंद’ पदार्थांची यादी मी ठेवू देत नाही. बिस्किट, चॉकलेट, ब्रेड पूर्ण बंद केल्याने त्यांची वखवख वाढते, आणि ताबा सुटतो तेव्हा नेमकं तेच खाल्लं जातं. पहिले दोन-तीन आठवडे, वेळा बसेपर्यंत, ज्यावर हमखास ताबा सुटतो ते घरात मोठ्या पुड्यात ठेवू नका. हा तात्पुरता आधार आहे. त्यानंतर ते पदार्थ एकेक करून परत आणायचे, ठरवून, जेवणानंतर, पोट भरलेलं असताना, ताटलीत काढून, शक्य असेल तर कुणाच्या सोबतीने. आठवड्यातून दोन-तीनदा जेवणावर चॉकलेटच्या दोन वड्या बिनधास्त खाता येतात हे पटलं, की रात्री अकराला अख्खं चॉकलेट संपवायची निकड उरत नाही. याला वेळ लागतो आणि सुरुवातीला भीती वाटते. अगदी रिकाम्या पोटी, एकटीने, दमलेल्या अवस्थेत हा सराव करू नका.

वेळा पाळूनही रात्री खावंसं वाटलं तर? आधी स्वतःला विचारा, आत्ता उकडलेलं अंडं किंवा वाटीभर साधी शिजवलेली डाळ चालेल का? चालेल, असं उत्तर आलं तर ती खरी भूक आहे. मग रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी खा. थोडं, बसून, दिवा लावून, अपराधी न वाटून घेता. आणि त्या दिवशी कुठे कमी पडलं ते दुसऱ्या दिवशी भरून काढा. भूक हळूहळू चढते, तिला कुठलंही अन्न चालतं. ‘नाही, मला चॉकलेटच हवं’ असं उत्तर आलं तर ती तलफ आहे. ती अचानक येते, नेमकी एकाच पदार्थाची असते, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा थकवा, कंटाळा, भांडण, एकटेपणा किंवा नुसती सवय असते.

तलफेशी कुस्ती खेळू नका. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनं सोडवताना एक पद्धत वापरात आणली, ती इथेही उपयोगी पडते. तलफेला लाट समजायचं. ती उठते, चढते, आणि तिच्या मागे लागलं नाही तर साधारण वीस ते तीस मिनिटांत ओसरते. त्या वेळात स्वयंपाकघरातून बाहेर पडा, दात घासा, अंघोळ करा, कुणाला फोन लावा. शरीरात काय चाललंय तेही बघा. घसा कोरडा पडलाय, छातीत धडधडतंय, हात शिवशिवतायत. अर्ध्या तासाने तरीही हवंच असेल तर एक भाग ताटलीत घेऊन बसून खा. पहिल्या काही वेळा हे जमणार नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा लाट खरंच ओसरते हा अनुभव आला, की पुढच्या तलफेची दहशत कमी होते. एक अट मात्र पक्की आहे. ही पद्धत भरल्या पोटीच चालते. खऱ्या भुकेवर ती वापरणं म्हणजे पुन्हा उपाशी राहणंच, आणि काही जणी ती तशीच वापरतात म्हणून मुद्दाम सांगतो.

झोपेचा भाग लोक हसण्यावारी नेतात. २००४मध्ये शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री अंथरुणात फक्त चार तास दिले, आणि दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली. लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि भूक जवळजवळ पाव पटीने वाढली. अभ्यास छोटा आहे, पण मी रोज जे पाहतो त्याच्याशी जुळतो. तुमचा प्रसंग रात्री दहानंतरचा आहे. तासभर आधी झोपलात तर तो वेळच उरत नाही. दारू घेत असाल तर त्या रात्री ताबा लवकर सुटणार हे गृहीत धरा. पाळीच्या आधीच्या आठवड्या-दीड आठवड्यात अनेकींची भूक वाढते. त्या दिवसांत १००-२०० कॅलरी जास्त धरून ठेवा, म्हणजे नियम मोडल्यासारखं वाटणार नाही.

इतकं करूनही एखाद्या रात्री ताबा सुटेल. सुरुवातीला सुटतोच. त्यानंतरची सकाळ हीच खरी कळीची. भरपाई करायची नाही. उपास नाही, दोन तास धावणं नाही, ‘डिटॉक्स’ नाही, वजनकाट्यावर उभं राहणं नाही. नेहमीच्या वेळी नेहमीचा नाश्ता करायचा. तुमचं चक्र टिकून आहे ते या दुसऱ्या दिवशीच्या उपासामुळे, कारण तोच पुढच्या प्रसंगाची तयारी करून ठेवतो. काटा दुसऱ्या दिवशी किलो-दीड किलो वर गेलेला दिसू शकतो, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठणारी साखर दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते, मीठही पाणी धरतं, आणि पोटातलं अन्नही वजनात येतंच. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रात्रीच्या त्या २५०० कॅलरींतून दिवसभराची तूट वजा केली, तर चरबी पाव किलोसुद्धा वाढत नाही. मग दोन ओळी लिहून ठेवा, आधीच्या चोवीस तासांत केव्हा आणि काय खाल्लं होतं, झोप किती झाली, त्या वेळी मनात काय होतं. आठ-दहा नोंदींत तुमचा सापळा तुम्हालाच दिसायला लागतो. कॅलरी मात्र रोज मोजत बसू नका. वर दिलेले आकडे ताट एकदा बसवण्यापुरते आहेत. ज्यांचा ताबा सुटतो त्यांना रोजचं मोजणं बहुधा आणखी जखडून टाकतं.

आता जे टाळून चालणार नाही ते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३च्या निदानपुस्तिकेत बिंज इटिंग डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. थोड्या वेळात खूप जास्त खाणं आणि ते थांबवता न येण्याची भावना, हे सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने, ही त्याची ढोबळ मोजपट्टी. सोबत भराभर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकटं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं अशी लक्षणं असतात. तुमचे दोन महिने झालेत आणि वारंवारता जास्त आहे. भरपाईचे उपासही आहेत, आणि उलट्या, जुलाबाची औषधं, अति व्यायाम किंवा उपास यांनी भरपाई होत असेल तर बुलिमियाचा विचार करावा लागतो. निदान मी इथून करू शकत नाही. तीन महिने पुरे व्हायची वाटही तुम्ही बघू नका. या आजारांचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा मानसशास्त्रज्ञाला आत्ताच भेटा. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारांचा चांगला उपयोग होतो, गरज पडली तर औषधंही असतात. खाण्यावर नियंत्रण नाही एवढंच सांगितलं तरी पुरतं. लाज वाटून हे डॉक्टरांपासून लपवणारे, आणि म्हणून वर्षानुवर्षं फक्त डाएटचे तक्ते बदलत राहणारे लोक मी खूप पाहतो, आणि त्याचं फार वाईट वाटतं. उलट्या करत असाल तर उशीर करू नका, रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्या.

काही भुकांचं कारण निराळंच असतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील आणि भुकेसोबत घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होत असेल, तर रक्तशर्करा तपासा. ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी लाट ओसरायची वाट बघायची नाही. आहार बदलण्याआधी या औषधांचा डोसही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा लागतो. स्टेरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधं भूक वाढवतात, थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यावरही भूक वाढते. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर वजन घटवायचा कार्यक्रम डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

पुढच्या महिन्याचं असं ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त वेळा पाळा, ताटात प्रथिनं वाढवा, पाचचं खाणं चुकवू नका. वजन या काळात करू नका, केलं तर ते किलोभर वाढलेलं दिसेल, आणि तुम्ही घाबरून पुन्हा १२००वर जाल. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा, एकाच वारी सकाळी वजन करा आणि चार आठवड्यांचा कल बघा. काट्याचा आकडा बघून दिवस वाईट जात असेल तर तेही थांबवा आणि ते काम तुमच्या आहारतज्ज्ञावर सोपवा. महिनाभर ताबा सुटला नाही आणि वजनही हललं नाही, तर रोजच्या १००-१५० कॅलरी कमी करू, शक्यतो तेल-तुपातून आणि गोड पेयांतून, किंवा अर्धा तास चालणं वाढवू. प्रसंग पुन्हा सुरू झाले तर मात्र खाणं कमी करायचं नाही, उलट दोन आठवडे २०००पर्यंत न्यायचं, वेळा तशाच ठेवायच्या, आणि सगळं स्थिरावलं की पुन्हा १७००पासून सुरू करायचं.